चक्की किती युनिट खाते?

विजेचं बिल अकराशे चाळीस रुपये आलं, तेव्हा खुशालराव टापरे सरांनी ते आणणाऱ्या माणसाला उंबऱ्यावरच सांगून टाकलं की हे दुसऱ्या कुणाचं असेल. त्याने बोट ठेवून नाव दाखवलं. बिलावर नत्थुजींचं नाव होतं. म्हणजे ज्यांच्याकडून सरांनी एकोणीस वर्षांपूर्वी हे घर घेतलं, ते नत्थुजी. ते देवाघरी जाऊन बारा वर्षं झाली, तरी बिल त्यांच्याच नावाने यायचं आणि भरायचे सर. मागच्या महिन्यापर्यंत हा आकडा कधी साडेचारशेच्या वर गेला नव्हता.

सर अकोल्याच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवत आले होते. एरवी ते अगदी पुस्तकातलं मराठी बोलत, पण राग आला की तिसऱ्या वाक्याला घसरून थेट हिवरखेडात पोचत, कारण मूळ गाव तेच. त्या दिवशी पहिल्याच वाक्याला पोचले.

"रुख्मिणी, हे तुह्या चक्कीनं खाल्लं!"

ही चक्की म्हणजे घरातलं अवघड जागचं दुखणं होतं. दोन वर्षांपासून हिवरखेडच्या वाटणीच्या शेतातून ना ज्वारीचं पोतं येत होतं ना तुरीचं. भाऊ फोनवर नुसतं "यंदाही तसंच हाय दादा" एवढंच म्हणायचा, आणि पुढचं विचारायची सरांची हिंमत होत नव्हती. त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी मात्र काही न विचारता, घरात चार पैसे यावेत म्हणून, साठवलेल्या पैशांतून एक हॉर्सपॉवरची घरगुती चक्की आणली आणि समोरच्या खोलीत बाकाजवळ बसवली. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या बायका डबे घेऊन दारात. एका गणित शिक्षकाच्या घराला लोक "चक्कीवाल्या बाईचं घर" म्हणू लागले. सरांना ते फार लागलं होतं. बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून जास्तच लागलं होतं.

"चक्कीनं खाल्लं हे कशावरून?" रुख्मिणीबाईंनी दळणाच्या गोंगाटातच विचारलं.

"सिद्ध करून दाखवीन. वॅट गुणिले तास, भागिले हजार. आठवीचं पोरगं सांगंन. ज्या वस्तूनं हे बिल वाढवलं, ती वस्तू या घरात राहणार नाही."

"कोणतीबी असो?"

"कोणतीही असो. गणितात आपपरभाव नसतो."

पाच बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "आयकलं बरं आमी, सर." आणि अशा रीतीने हा घरातला वाद सार्वजनिक झाला. चक्की राहणार की जाणार, यावर गल्लीत पैजा लागल्या नाहीत, एवढंच.

सर कामाला लागले. मे महिना, शाळेला महिन्याभरापासून सुट्ट्या, बाहेर पंचेचाळीस डिग्री. असा रिकामा वेळ आणि असं पेटलेलं डोकं एकत्र येणं कोणत्याच घराला परवडत नाही. शाळेच्या खेळांच्या सामानातून त्यांनी स्टॉपवॉच आणलं. व्हरांड्यातल्या मीटरसमोर खुर्ची मांडली. जुनं चकतीचं मीटर ते, चकतीवर तांबडी खूण, आणि पाटीवर लिहिलेलं की बाराशे फेरे म्हणजे एक युनिट. सरांनी शंभर पानी वही घेतली, समास आखला, आणि पहिल्या पानावर मथळा घातला: 'घरातील विद्युत उपकरणांचा खर्च : एक अभ्यास'. खाली तारीखही घातली.

पहिला प्रयोग सकाळी आठ वाजता झाला. चक्की सोडून सगळं बंद. "चालू कर," म्हणून सरांनी फर्मावलं. चक्की घरघरू लागली. सरांनी स्टॉपवॉच दाबलं आणि तांबड्या खुणेवर नजर लावली.

खूण जागची हलली नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आत पंचफुलाबाईंचे तीन किलो गहू पीठ होऊन डब्यात पडले. चकती जशीच्या तशी. सरांनी मीटरवर टिचकी मारली, फुंकर मारली, चष्मा पुसला. शेवटी वहीत लिहावं लागलं: 'चक्की, शून्य.' गणितात एवढं कडू शून्य त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं.

"पाह्यलं?" रुख्मिणीबाई पदराने पीठ झटकत म्हणाल्या. "माही चक्की काईच खात नाई. तुमची मशीनच सांगून राहिली."

"शून्य शक्यच नाही. साडेसातशे वॅटची मोटार आहे ती!"

"मंग मी काय करू? तुमीच मोजलं."

दुसरा प्रयोग सर्वांत सोपा. साडेदहा वाजता घरातलं सगळं बंद केलं. पंखे, फ्रिज, टीव्ही, मागच्या खोलीतला सरांनी यंदाच घेतलेला लाडका कूलर, देवघरातला लहान दिवासुद्धा. आता चकती थांबायला हवी. ती थांबलेली असताना एक एक वस्तू सुरू करत जायचं, असा बेत होता. सर मीटरपाशी आले आणि मटकन खुर्चीत बसले. सगळं बंद असताना चकती फिरत होती. मिनिटाला बरोबर पाच फेरे.

आता वाचकांना एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण गल्लीत ती सर सोडून सगळ्यांना ठाऊक होती. ते दिवस भारनियमनाचे. या गल्लीच्या मधोमध दोन फीडरची, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या लाइनींची, हद्द गेलेली. सरांच्या बाजूची लाइट सकाळी सहा ते नऊ जायची, समोरच्या बाजूची नऊ ते बारा. मग समोरासमोरच्या घरांनी गल्लीवरून वायरी टाकून एकमेकांना लाइन द्यायची रीत पडली. सरांना वायर माहीत होती. पण 'एक बल्ब, एक पंखा, माणुसकीपुरतं' एवढाच त्यांचा समज. शाळा सकाळची, त्यामुळे दोन्ही वेळांना ते घरी कधी नसतच, आणि आता सुट्टीत घरात लाइट असायचीच म्हणून वेळापत्रकाकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्यक्षात रुख्मिणीबाई आणि समोरच्या अनीसाभाभींनी या वायरीचा संसार कधीच वाढवला होता. दळणाची गर्दी सकाळी, तेव्हा चक्की चालायची अनीसाभाभींच्या लाइनवर. नऊनंतर अनीसाभाभींचा कूलर चालायचा रुख्मिणीबाईंच्या लाइनवर. बदलाबदलीचा खटका पडद्यामागे होता आणि तो त्या दोघीच पाडत. आपण शेजारणीकडे भाजीची वाटी पाठवतो, ती रिकामी परत येत नाही. पण आपल्या वाटीत किती भाजी होती आणि तिच्या वाटीत किती आली, हे कुणी तोलत नाही. तसंच हे चाललं होतं. आणि ज्या वाटीत सर आता चमचा घालून मोजत होते, ती त्यांची नव्हतीच.

"मग तू सांगितलं काहून नाही?" असं सरांनी पुढे विचारलं, तेव्हा रुख्मिणीबाई म्हणाल्या, "तुमी इचारलं कुठी? आन चक्की शून्य निघून राहिली होती, तर मी काहून तोंड उघडू?" पण ते पुढचं. त्या घडीला सर मिनिटाला पाच फेऱ्यांचा गुणाकार करत होते. तासाला पाव युनिट. दिवसाला सहा. महिन्याला एकशे ऐंशी! सगळं बंद असताना!

तेवढ्यात वामनराव आले. वामनराव मागच्या गल्लीतले, जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले. वीज, वकिली आणि मूळव्याध या तिन्ही विषयांत ते विनामूल्य सल्ला देत. त्यांनी चकती पाहिली, डोळे मिटले आणि निदान केलं.

"लाइट जमिनीत चालली, सर. आपली काळी माती. उन्हायात हातभर भेगा पडते. अर्थिंग सुकली की लाइट त्या भेगीतून खाली उतरते. मीठ-पाणी टाका. भरपूर टाका."

"आणि चक्कीचं शून्य?"

"दाब जास्त आला की चकती दबते," वामनराव म्हणाले. त्यांना कोणत्याच प्रश्नाला उत्तर नाही असं कधी होत नसे.

नळाला पाणी दर पाचव्या दिवशी यायचं. तरी सरांनी भरलेल्या टाकीतून आठ बादल्या काढल्या, त्यात पाच किलो खडे मीठ विरघळवलं आणि अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. काळ्या मातीने ते घटाघटा पिऊन टाकलं. चकती मिनिटाला पाच फेरे, त्यात काडीचा बदल नाही. बदल झाला तो खड्ड्याशेजारच्या कढीलिंबात. तिसऱ्या दिवशी झाड पिवळं पडलं. आठवड्यात पानं गळाली. वामनरावांच्या घरची रोजची फोडणी त्याच झाडावर चालायची, त्यामुळे दोन घरांत अबोला झाला. रुख्मिणीबाईंनी त्या दिवशी भांडी घासायला पाणी नाही म्हणून पत्रावळीवर वाढलं, आणि सरांनी मान खाली घालून जेवण केलं.

मग सर गल्ली ओलांडून समोर, अनीसाभाभींचे नवरे नबीभाई यांच्याकडे गेले. घराला लागूनच नबीभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आत खेड्यापाड्यातून आलेल्या विहिरीवरच्या मोटारी एकावर एक रचलेल्या. कमी दाबाने जळालेल्या. दुरुस्त होऊन सहा सहा महिने पडलेल्याही कितीतरी, कारण न्यायला कुणी येत नव्हतं. नबीभाई कधी कुणाला तगादा लावत नसत. मोटारीवर खडूने गावाचं नाव लिहीत आणि वरची धूळ पुसत.

सरांनी वही उघडून सारा प्रकार सांगितला. नबीभाईंना अर्ध्या मिनिटात उमगलं. ते तोंड उघडणार, तोच त्यांची नजर गल्लीपलीकडे गेली. दारात उभ्या रुख्मिणीबाई ओठांवर बोट ठेवून होत्या. आणि मागच्या खोलीतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. नबीभाईंची मुलगी तुबा बाळंतपणाला आली होती. बाळ बारा दिवसांचं.

"सर," नबीभाई तारा गुंडाळत म्हणाले, "मोटार जळली त मी पाहतो. हिशोबातलं मले काई समजत नाई. हमारा हिसाब तो अल्ला के हवाले."

गल्लीने साथ दिली नाही, तेव्हा सरांनी सरकारदरबारी जायचं ठरवलं. दोन अशक्य गोष्टी एकाच मीटरमध्ये दिसतात, म्हणजे मीटर सदोष. हे अनुमान तर्काला धरून होतं. विजेच्या ऑफिसात त्यांनी मीटर तपासणीचा अर्ज ठेवला. बाबूने तो वाचला नाही, फक्त नाव पाहिलं.

"अर्जदार नत्थुजीच हवे."

"नत्थुजी वारले."

"मग वारल्याचा दाखला आणा. नाव बदलून घ्या. मग अर्ज करा."

"दाखला त्यांच्या मुलाकडे असणार. मुलगा सेमाडोहला आहे, जंगल खात्यात."

"मग सेमाडोहले जा," बाबू शांतपणे म्हणाला. "उन्हायात बरं वाटते तिकडं."

सर सेमाडोहला गेले नाहीत, पण टेलिफोनच्या बूथवरून चार वेळा नत्थुजींच्या मुलाशी बोलले. त्याने दाखला पोस्टाने पाठवला. मग तिकीट लावा. मग रेशनकार्डाची झेरॉक्स. मग बिल आधी भरा, त्याशिवाय तपासणी होत नाही. अकराशे चाळीस रुपये सरांनी तीनदा मोजून भरले. शुल्क वेगळं. खिडकी क्रमांक तीन, मग पाच, मग जेवणाची सुट्टी, मग परत तीन. प्रत्येक खिडकीवर सर 'मी गणिताचा शिक्षक आहे' अशी सुरुवात करत, आणि प्रत्येक खिडकीला त्याचं काहीच वाटत नसे. पंधराव्या दिवशी कळलं की उद्या एक साहेब तपासणीला येतील. घरी येऊन सरांनी ते कुणाला सांगितलं नाही. निकाल लागल्यावरच सांगायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

साहेब आले ते बरोबर साडेदहाला. तरुण इंजिनिअर, मोटारसायकलवरून आलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, घामाने चिंब. जीप दिसली असती तर गल्लीने खबर दिली असती. मोटारसायकल कुणाच्या लक्षात आली नाही. साहेबांनी "सगळं बंद करा" म्हटलं आणि सरांनी अभिमानाने सांगितलं की सगळं बंदच आहे. दोघे चकतीसमोर उभे राहिले. चकती फिरत होती.

"बघा!" सर म्हणाले. सोळा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासोबत तेच पाहत होतं.

"लोड तर आहे," साहेब म्हणाले आणि नजरेने वायर शोधू लागले. मीटर, फ्यूज, मेन स्विच. मेन स्विचपासून पडद्यामागे एक काळी वायर गेलेली. पडद्यामागून खिडकीबाहेर. सरांची नजरही त्या वायरीच्या मागे मागे गेली आणि खिडकीपाशी थांबली. खिडकीतून समोर अनीसाभाभींचं दार दिसत होतं. अनीसाभाभी दारात उभ्या होत्या, हातात वायर ओढायची काठी. पण त्या ओढत नव्हत्या. आत बाळ झोपलेलं होतं.

सरांच्या डोक्यात एका क्षणात सोळा दिवसांचं गणित सुटलं. शून्य का आलं. पाच फेरे कुठे गेले. चक्की कुणाच्या लाइनवर, कूलर कुणाच्या. सगळे आकडे कसे छान जुळले! त्यांची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती. फक्त एक वाक्य बोलायचं, वायरीकडे बोट करायचं, आणि वामनरावांपासून खिडकी क्रमांक पाचपर्यंत सगळ्यांची तोंडं बंद. मग साहेब गल्लीवरच्या एकेक वायरी मोजतील. मग दंड. मग ते बाळ त्या तापलेल्या खोलीत. आणि सकाळची चक्कीही बंद.

"कुठं जाते ही वायर?" साहेबांनी विचारलं. "आणि कूलरचा आवाज कुठून येऊन राहिला?"

"माझाच आहे," सर म्हणाले.

"आवाज समोरून येतो, सर. त्या बाजूची लाइट तर आता बंद आहे."

"म्हणूनच म्हणतो. माझाच कूलर. बंद करायचा राहिला. मागच्या खोलीत."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. समोर बाळ जागं होऊन रडलं, आणि अनीसाभाभी काठी टाकून आत पळाल्या. साहेबांनी दुपट्ट्याने मान पुसली.

"म्हणजे कूलर चालू ठेवून तुम्ही म्हणून राहिले की सगळं बंद आहे? आणि त्यासाठी मले या उन्हात बोलावलं?"

"हो."

"काय शिकवता तुम्ही?"

"गणित," सर म्हणाले. ते त्यांनी इतक्या हळू आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"मग लिहून द्या."

सरांनी लिहून दिलं. वळणदार अक्षरात, 'अभ्यास' नावाच्या त्याच वहीचं पान फाडून: 'घरातील कूलर चालू असताना सर्व उपकरणे बंद आहेत असे समजून मी मोजणी केली. बिल वाढण्यास कूलर कारणीभूत आहे. मीटरमध्ये दोष नाही. चूक माझ्या गणितात होती. खु. ना. टापरे, एम.एस्सी., बी.एड.' पदव्या लिहू नयेत असं त्यांना क्षणभर वाटलं, पण हाताला सवय होती. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. व्हरांड्याबाहेर एव्हाना पंचफुलाबाई, वामनराव, नबीभाई असे सगळे जमले होते. साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला, रुख्मिणीबाईंनी दिलेलं लिंबूपाणी प्यायले आणि जाताना खिडकीतल्या वायरीकडे मुळीच न पाहता म्हणाले, "पडदा जरा नीट लावत जा, बाई."

वामनराव काहीतरी बोलणार होते. नबीभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

गल्ली पांगल्यावर सर मागच्या खोलीत जाऊन बसले. अपमान एवढा झाला होता की तो मोजता आला असता तर बाराशे फेऱ्यांच्या मीटरमध्ये मावला नसता. तरी त्यांना आतून हलकं वाटत होतं, आणि ते का हे त्यांना कळत होतं. हाताला चाळा म्हणून त्यांनी वही ओढली आणि बिनवायरीचं, साधं, आठवीचं गणित मांडलं. चक्की साडेसातशे वॅट, दिवसाला दीड तास. महिन्याला चौतीस युनिट. कूलर अडीचशे वॅट. सुट्ट्या लागल्यापासून सर त्याच्यासमोर पेपर वाचत, वामकुक्षी घेत, रात्री झोपत. दिवसाला चौदा तास. महिन्याला एकशे पाच.

त्यांनी गुणाकार दोनदा केला. मग तिसऱ्यांदा. बिल कूलरनं वाढलं, असं साहेबांना खोटं म्हणून जे लिहून दिलं होतं, ते अक्षरश: खरं होतं.

दारात रुख्मिणीबाई उभ्या होत्या. त्यांना आकडे पाहायची गरज नव्हती.

"लिहून देल्लं तुमी," त्या म्हणाल्या. "आख्ख्या गल्लीनं आयकलं. कूलर कारणीभूत."

"दिलं."

"आन तुमी काय म्हणले होते? ते घरात राहणार नाई."

सर उठले. पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी त्यांनी स्वत:च्या हाताने कूलरचा प्लग काढला. पाणी ओतून टाकलं. टापरे शब्दाला पक्के, एवढं तरी गल्लीने म्हणावं. नबीभाईंना हाक मारली. दोघांनी मिळून तो उचलला आणि दाराकडे निघाले. समोरच्या खोलीत चक्कीपाशी रुख्मिणीबाई आडव्या आल्या.

"ठेवा इथंच."

"पण मी म्हटलं होतं..."

"तुमचा कूलर गेला या घरातून. हा माह्या चक्कीचा. बायका उन्हात उभ्या राहते दयनासाठी, त्यायले हवा नको? बिल चक्की भरंन." मग नबीभाईंना म्हणाल्या, "भाऊ, तोंड बाकाकडं करा जरा."

त्या दिवशी संध्याकाळीही दळणाला गर्दी झाली. बायका कूलरसमोरच्या बाकावर गार हवेत बसून निवांत बोलत होत्या. आतल्या खोलीत सर घामाने भिजून, पंख्याखाली अर्धा तास बसले. मग ते उठले, बाहेर आले, आणि बाकाच्या टोकाला, पंचफुलाबाईंच्या डब्याशेजारी, जेवढी जागा होती तेवढ्यात बसले.

"काहून जी सर, इकडं कसे?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"ज्वारीचे डबे आधी की गव्हाचे?" सरांनी विचारलं, आणि कुणाचा नंबर कधी आला ते वहीच्या नव्या पानावर लिहायला घेतलं.